उंदीर बरा झाला, पण कोणता उंदीर?

प्रश्न डोंबिवलीच्या एका वडिलांचा आहे. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू निकामी करणारा जनुकीय आजार आहे. ‘जनुक बदललेल्या उंदरांमध्ये हा आजार बरा झाला’ अशी बातमी त्यांनी वाचली, डॉक्टरांना दाखवली, आणि डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे. वडिलांचं म्हणणं थोडक्यात असं: उंदीर माणसासारखा असेल तर थांबायचं कशाला, आणि नसेल तर इतकी वर्षं उंदरांवर प्रयोग चाललेत कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. मी मुंबईतल्या संशोधन संस्थांमध्ये जनुकबदल केलेल्या उंदरांच्या वसाहती सांभाळण्याचं आणि त्यांना काय विचारता येतं, काय येत नाही हे नव्या मुलांना शिकवण्याचं काम करत आले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मुलाच्या उपचारांबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरून चाला. पण उंदराबद्दल मी नक्की बोलू शकते.

अशा बातम्यांमध्ये एक गोष्ट हमखास गाळलेली असते, ती म्हणजे उंदराचं नाव. प्रयोगशाळेत नुसता ‘उंदीर’ कुणी वापरत नाही. प्रत्येक स्ट्रेनला, म्हणजे वाणाला, नाव असतं, वंशावळ असते, कुठलं जनुक बंद केलंय आणि कुठलं बाहेरून घातलंय याची नोंद असते. तो उंदीर एका ठरावीक प्रश्नासाठी घडवलेला असतो. त्या प्रश्नाचं उत्तर तो चोख देतो, आणि बहुतेकदा तेवढंच. उरलेल्या गोष्टी आपण त्याच्या तोंडी घातल्या की फसगत होते. तुमच्या मुलाच्याच आजाराचं उदाहरण घेते, कारण ही गोष्ट इतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसते.

डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्नायूपेशीच्या आतला सांगाडा बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवतं. ते नसलं की दर हालचालीला आवरणाला इजा होते, पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात, आणि शेवटी स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू साठत जातात. या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. ते माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक आहे. लांबी वीस लाख अक्षरांहून जास्त, तुकडे म्हणजे एक्झॉन ७९.

या आजाराचा सर्वांत जास्त वापरला जाणारा उंदीर म्हणजे एमडीएक्स. तो कुणी मुद्दाम बनवला नाही. ब्रिटनमध्ये एका वसाहतीतल्या काही उंदरांच्या रक्तात स्नायूंची एन्झाइम्स वाढलेली आढळली आणि १९८४ मध्ये त्याची नोंद झाली. १९८७ मध्ये डिस्ट्रोफिनचा शोध लागला, तेव्हा कळलं की या उंदरांच्या स्नायूत नेमकं हेच प्रथिन नाही. त्यांच्या २३व्या एक्झॉनमध्ये एक अक्षर बदललंय आणि प्रथिन तिथेच तुटतं. म्हणजे जनुकाच्या पातळीवर आजार तोच.

आता प्रत्यक्ष उंदीर कसा दिसतो ते सांगते. ताकद तपासायची एक साधी चाचणी आहे. दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेला उंदराला पुढच्या पायांनी लटकवायचं, खाली जाड मऊ भुसा, आणि हातात स्टॉपवॉच. निरोगी उंदीर काही क्षणांत मागचे पाय वर घेतो, शेपटी तारेला गुंडाळतो आणि ऐटीत कडेपर्यंत चालत जातो. एमडीएक्स उंदीर लोंबकळतो, मागचे पाय वर नेण्याचा प्रयत्न करतो, एक पंजा सुटतो, मग दुसरा. निरोगी भावंडाच्या बराच आधी तो खाली पडतो. पण परत पिंजऱ्यात सोडला की? जाळीवर चढून दाणे कुरतडतो, भावंडांच्या अंगावरून पळतो, वेळ आली की त्याला पिल्लं होतात. साधारण तीन-चार आठवड्यांचा असताना त्याच्या स्नायूंची मोठी नासधूस होते, आणि मग स्नायू बऱ्यापैकी भरून येतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतं. पेशीकेंद्रकं स्नायूतंतूच्या कडेला असायची ती मधोमध बसलेली असतात, म्हणजे हा स्नायूतंतू एकदा मोडून पुन्हा बांधला गेलाय. त्याचं आयुष्य निरोगी उंदरापेक्षा थोडंच कमी. मुलांमध्ये हा आजार साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास चालणं हिरावून घेतो. एमडीएक्स मात्र म्हातारपणीही चालता असतो. त्याचा श्वासपटल तेवढा मुलांच्या स्नायूंसारखा खराब होतो.

तीच चूक, तरी इतका फरक का, हे शोधायला मुद्दाम घडवलेले उंदीर कामाला आले. उंदराच्या स्नायूत डिस्ट्रोफिनचं एक भावंड प्रथिन असतं, युट्रोफिन. डिस्ट्रोफिन नसलं की ते त्याची जागा काही प्रमाणात भरून काढतं. १९९७ मध्ये डिस्ट्रोफिन आणि युट्रोफिन दोन्ही नसलेले उंदीर प्रसिद्ध झाले. त्यांचा आजार भयंकर होता. पाठीला बाक, वजन घटलेलं, आणि थोड्याच महिन्यांत मृत्यू. त्याच्या आदल्याच वर्षी एमडीएक्समध्ये जादा युट्रोफिन घातल्यावर स्नायू सुधारतात हेही दिसलं होतं. दोन प्रयोगांनी मिळून एक वाट दाखवली: मुलांच्या शरीरात युट्रोफिन वाढवता आलं तर?

त्या वाटेवर एझुट्रोमिड नावाचं औषध निघालं. एमडीएक्समध्ये त्याने फायदा दाखवला. मुलांवरच्या चाचणीत दाखवला नाही, आणि २०१८ मध्ये ते थांबवलं. मायोस्टॅटिनची कथा अशीच आहे. हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. १९९७ मध्ये ते जनुक काढून टाकलेले उंदीर पैलवानासारखे दंडस्नायू घेऊन आले, आणि एमडीएक्समध्येही मायोस्टॅटिन काढल्यावर सुधारणा झाली. मुलांवर मात्र मायोस्टॅटिन रोखणारं डोमाग्रोझुमॅब निष्फळ ठरलं. पुढच्या अभ्यासांतून कळलं की आपल्या आणि माकडांच्या स्नायूंवर अॅक्टिव्हिन-ए या आणखी एका प्रथिनाचा मोठा लगाम असतो. उंदरात मायोस्टॅटिनचं वजन जास्त, आपल्यात ते विभागलेलं. उंदीर खोटं बोलला नाही. तो उंदराबद्दल बोलत होता.

आणि उंदीर म्हणजे तरी कोण? एमडीएक्सची चूक ‘डीबीए/२’ नावाच्या दुसऱ्या स्ट्रेनमध्ये आणली की आजार बराच तीव्र होतो, कारण त्या स्ट्रेनमध्ये तंतू साठण्याकडे ओढा असलेली दुसरी जनुकं आहेत. म्हणजे ‘डिस्ट्रोफिन नसलेला उंदीर’ एवढं म्हणूनही पुरत नाही. ही गोष्ट मी नव्या विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगते. एफव्हीबी हा स्ट्रेन जन्मानंतर काही आठवड्यांत आंधळा होतो, कारण त्याच्यात दृष्टिपटलाचं एक बिघडलेलं जनुक पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच्यावर पाण्यातली स्मरणशक्तीची चाचणी घेतली तर तो विसराळू ठरेल, आणि दोष आपण घातलेल्या जनुकावर जाईल. म्हणून तुलना नेहमी त्याच वेतातल्या, त्याच पिंजऱ्यातल्या, बदल नसलेल्या भावंडाशी करायची. विकत आणलेल्या ‘साध्या’ उंदराशी नाही.

मानवी जनुकच उंदरात घातलं तर प्रश्न सुटतो का? काही प्रश्न सुटतात. ड्युशेनमध्ये ‘एक्झॉन स्किपिंग’ नावाची औषधं आहेत. बिघडलेल्या भागाशेजारचा एक तुकडा वाचताना गाळायला लावायचा, म्हणजे पुढचं वाचन रुळावर येतं आणि आखूड का होईना, प्रथिन बनतं. अशा औषधाचा रेणू मानवी जनुकाच्या नेमक्या अक्षरांवर बसायला हवा. उंदराची अक्षरं वेगळी, त्यामुळे माणसासाठीचं औषध एमडीएक्सवर तपासताच येत नाही. म्हणून अख्खं मानवी डिस्ट्रोफिन जनुक, वीस लाखांहून जास्त अक्षरांसकट, उंदराच्या गुणसूत्रात बसवलेला उंदीर तयार केला गेला. औषध योग्य तुकडा गाळतं का, एवढं तो पक्कं सांगतो. औषध मुलाच्या हृदयात पुरेसं पोचेल का, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

आता तुम्ही वाचली ती बातमी बहुधा जनुकोपचाराची, म्हणजे विषाणूच्या कवचातून चांगलं जनुक शरीरात पोचवण्याची असणार. डिस्ट्रोफिनचं जनुक वाहक विषाणूत मावत नाही, म्हणून त्याची छाटलेली आवृत्ती, मायक्रोडिस्ट्रोफिन, वापरतात. एमडीएक्समध्ये निकाल देखणे होते, आजारी कुत्र्यांमध्येही उत्साहवर्धक होते. अमेरिकेत २०२३ मध्ये असा एक उपचार मंजूर झाला. पण त्याच वर्षी त्याच्या मोठ्या चाचणीत मुख्य निकष पूर्ण झाला नाही, आणि २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा हा उपचार घेतल्यावर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. इथे मात्रेचा विचार करा. दर किलो वजनामागे सुमारे १३३ लाख कोटी विषाणुकण. उंदीर पंचवीस-तीस ग्रॅमचा, मुलगा त्याच्या जवळजवळ हजारपट. विषाणूचा तो सगळा भार मुलाच्या यकृतातून आणि प्रतिकारशक्तीसमोरून जातो.

शिवाय एका स्ट्रेनचे सगळे उंदीर जुळ्यांसारखे असतात, आणि एमडीएक्सची चूक एकाच जागी असते. मुलांमध्ये चुका शेकडो प्रकारच्या. ज्यांच्या जनुकाचा सुरुवातीचा तुकडाच, विशेषतः ८वा किंवा ९वा एक्झॉन, गळालेला असतो, त्यांच्या शरीराने प्रथिनाचा तो भाग कधी पाहिलेलाच नसतो. उपचारातून तो आला की प्रतिकारशक्ती त्याला परका समजून स्नायूंवर, हृदयावरही, तुटून पडू शकते. अशा मुलांना तो उपचार देऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. एमडीएक्सच्या वसाहतीत हा धोका दिसणं फार कठीण होतं.

म्हणजे उंदीर निरुपयोगी? मुळीच नाही, आणि हे मी धंद्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. आपल्याच राज्यातल्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराकडे पाहा. गडचिरोली, नंदुरबारकडच्या किती घरांत तो आहे. जन्मापूर्वी आपल्या रक्तात गर्भाचं वेगळं हिमोग्लोबिन असतं आणि जन्मानंतर ते बंद होतं. ते चालू ठेवता आलं तर सिकलसेल सौम्य होतो. माणसांच्या जनुकांच्या पाहणीतून बीसीएल११ए हे जनुक त्या बटणामागे असावं असं दिसलं. उंदरात आपल्यासारखं गर्भाचं हिमोग्लोबिन नसतं, म्हणून मानवी हिमोग्लोबिनची जनुकं बसवलेले सिकलसेलचे उंदीर १९९७ मध्ये तयार झाले होते. बीसीएल११ए संपूर्ण शरीरातून काढलं तर पिल्लं जन्मताच दगावतात, कारण ते इतरत्र अत्यावश्यक आहे. मग क्रे-लॉक्स ही पद्धत वापरून ते फक्त लाल पेशींच्या घराण्यात बंद केलं. २०११ मध्ये निकाल आला: उंदरांचा आजार दुरुस्त झाला. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राचा पहिला उपचार नेमकं हेच करतो, बीसीएल११ए फक्त लाल पेशींमध्ये दाबतो. इथे सुगावा माणसांकडून आला. त्या एका जनुकाला, त्या एकाच पेशीत हात लावणं शहाणपणाचं आहे का, एवढाच प्रश्न उंदराला विचारला गेला. म्हणून उत्तर टिकलं.

मुंबईकरांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, माहीत आहे. २००५ च्या जुलैच्या पुरानंतर तर विसरणं शक्यच नाही. शहरातले उंदीर आणि घुशी तो जंतू मूत्रपिंडात वागवतात आणि स्वतः धडधाकट राहतात, आपण गुडघाभर पाण्यातून चालतो आणि आयसीयूत जातो. यामागचं एक कारण प्रयोगशाळेतल्या उंदरांनी सांगितलं. पेशीवरचा टीएलआर-४ हा पहारेकरी उंदरात लेप्टोचं आवरण ओळखतो, माणसाचा टीएलआर-४ ते ओळखत नाही. टीएलआर-४ बिघडलेल्या उंदरांच्या पिल्लांना लेप्टोचा गंभीर आजार होतो, आणि पुढे मानवी टीएलआर-४ असलेले उंदीरही या अभ्यासात आणले गेले. उंदीर आणि माणूस यांतला फरकच इथे माहिती ठरला. या उदाहरणावर माझा जीव आहे, कारण साध्या उंदरावर लेप्टोचं औषध तपासून ‘गुण आला’ म्हणणं किती पोकळ ठरेल ते यातून लगेच कळतं. तो आजारीच कुठे पडला होता?

कर्करोगातही असंच. आरबी जनुकाची एक प्रत बिघडलेली असली की बाळाच्या डोळ्यात गाठ होण्याचा धोका फार वाढतो. १९९२ मध्ये तशाच उंदरांना डोळ्यात नाही, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठी झाल्या. उंदराच्या डोळ्यात पी१०७ हे नातेवाईक प्रथिन सांभाळून घेतं हे नंतर उलगडलं.

प्राण्यांचं काय, हाही प्रश्न लोक विचारतात, आणि विचारायलाच हवा. आपल्याकडे १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची सीसीएसईए समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे एकेका प्रयोगाचा हिशोब द्यावा लागतो: किती प्राणी, कशासाठी, वेदना कशी कमी करणार, प्राण्यांशिवाय होईल का. जनुकबदल केलेल्यांसाठी जैवसुरक्षा समितीची वेगळी परवानगी लागते. २०२३ पासून औषधांच्या नियमांत मानवी पेशींवरच्या आणि इतर बिनप्राण्यांच्या चाचण्यांनाही जागा मिळाली आहे, आणि मला ते मनापासून हवं होतं. ड्युशेनच्या मुलाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेला स्नायू एक्झॉन स्किपिंगच्या प्रश्नाला उंदराइतकंच चांगलं उत्तर देऊ शकतो, तर तिथे उंदीर वापरण्याचं कारण उरत नाही.

प्राणिगृहाच्या रोजच्या गोष्टी निकालात कशा उतरतात हेही लोकांना ठाऊक नसतं. पिंजऱ्यांच्या खोलीत आम्ही २२ अंशांच्या आसपास तापमान ठेवतो. एप्रिलच्या मुंबईतून आत आलेल्या माणसाला बरं वाटतं, पण उंदराला सुखाचं तापमान ३० अंशांच्या जवळ असतं. त्याची बरीच ऊर्जा अंग गरम ठेवण्यात जाते, आणि चरबी-साखरेच्या प्रयोगांत ती निकालात डोकावते. पावसाळ्यात खाद्याला ओल लागू नये म्हणून जपावं लागतं. मक्याच्या बुरकुंड्यांच्या भुशात इस्ट्रोजेनच्या कामात ढवळाढवळ करणारी द्रव्यं असतात, म्हणून प्रजननाच्या प्रयोगात तो टाळायचा. कानाचा कणभर तुकडा घेऊन पीसीआर केल्याशिवाय कुठल्या पिल्लात बदल आहे हे कळत नाही, आणि पिंजऱ्यावरचं एक कार्ड अदलाबदल झालं तर महिन्यांचं काम वाया. हे सांभाळणारे तंत्रज्ञ शोधनिबंधावर क्वचितच नाव मिळवतात. ते मिळायला हवं असं माझं मत आहे.

आता तुमच्या हातातल्या बातमीकडे. शक्य झालं तर मूळ निबंधात स्ट्रेनचं नाव पाहा. नुसता एमडीएक्स असेल, तर कल्पना चालू शकते एवढाच अर्थ घ्या. तीव्र आजाराच्या स्ट्रेनवर, मोठ्या प्राण्यावर आणि मानवी जनुक बसवलेल्या उंदरावरही तपासलं असेल, तर वजन वाढलं. उपचार आजार सुरू होण्याआधी, नवजात पिल्लांना दिला होता की स्नायू खराब झाल्यावर, हे जरूर बघा. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचा निकाल त्याला लागू नाही. हृदय आणि श्वासपटल तपासलं का, की फक्त पायाचा एक स्नायू?

आणि कळकळीने सांगते, ‘उंदरांवर सिद्ध झालंय’ असं म्हणून स्टेमसेलची इंजेक्शनं विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. देशाच्या स्टेमसेल मार्गदर्शक सूचनांनुसार ड्युशेनसाठी तो मान्य उपचार नाही, आणि अशी थेरपी पैसे घेऊन देणं योग्य नाही. स्टेरॉइड, फिजिओथेरपी, हृदयाच्या आणि श्वासाच्या नियमित तपासण्या यांनी या मुलांची वर्षं वाढली आहेत. त्यात खंड पडू देऊ नका.

तुमच्याकडे मुलाचा जनुकीय रिपोर्ट असेल. त्यात कुठले एक्झॉन गळालेत किंवा दुप्पट झालेत, की एकाच अक्षराचा बदल आहे, ते लिहिलेलं असतं. तसं स्पष्ट नसेल तर परळच्या केईएम रुग्णालयात विचारा, दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांपैकी ते एक आहे. तो आकडा हातात आला की पुढची प्रत्येक बातमी, उंदराची असो वा माणसाची, तुमच्या मुलाला लागू आहे का हे तुम्ही डॉक्टरांना नेमकं विचारू शकाल. रिपोर्ट वाचायला अडचण आली तर एक्झॉनचे आकडे मला कळवा, मुलाचं नाव झाकून. कुठला उंदीर त्याच्या जवळचा, हे मी नक्की सांगेन.